बँकेच्या फॉर्मवर 'व्यवसाय' काय लिहायचा? ग्रंथपाल, रान आणि 'मेलेले लेखक'

मार्कंडेयकाठ

परवा बँकेत केवायसीचा फॉर्म भरत होते. 'व्यवसाय' या रकान्यात आजवर 'नोकरी' एवढंच लिहून मोकळी होत आले. काउंटरवरची मुलगी आमच्याच कॉलेजातून शिकून गेलेली. फॉर्म बघून म्हणाली, "मॅडम, तुम्ही नक्की काय करता ओ? लायब्ररीत असता, शनिवारी पोरं घेऊन रानात असता, आणि पेपरात मेलेल्या लेखकांवर लिहिता." हे तिनं इतक्या सरळपणे म्हटलं की रांगेतले काकाही हसले.

(मेलेल्या लेखकांवर लिहिणं, त्यालाच मी साहित्येतिहास म्हणते.) घरी आल्यावर वाटलं, एकदा सविस्तर लिहावं. वर्षभरात तीन-चार मुलींनी हाच प्रश्न उलट बाजूनं विचारलाय. पुस्तकं आवडतात, पक्षी आवडतात, लिहायला आवडतं. यातलं धरू काय आणि सोडू काय?

माझं गाव बेळगावच्या पश्चिमेला, बेळगुंदीच्या अलीकडे. मराठी घेऊन बी.ए. झाले. घरच्यांना बी.एड. हवं होतं, तिथं नंबर लागला नाही म्हणून धारवाडला बी.लिब., म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदवी, केली. आवड वगैरे काही नव्हती, खोटं कशाला सांगू. २००१ मध्ये एका हायस्कूलमध्ये चिकटले. पगार १५०० रुपये, तोही तीन महिन्यांतून एकदा. लायब्ररी म्हणजे जिन्याखालची खोली, पाच कपाटं, आणि त्यातल्या दोन कपाटांच्या किल्ल्या कुणाकडे आहेत ते कुणालाच माहीत नाही.

कुलपं तोडली. एका कपाटात तळाला एक देवघेव वही निघाली. गावातलं वाचनालय बंद पडलं तेव्हा त्याचं सामान शाळेत आणून टाकलं होतं, त्यातली. १९४० च्या दशकातली. कुणी काय नेलं आणि कधी आणलं, वहीचं काम एवढंच. पण लिहिणाऱ्याचा हात काही थांबत नव्हता. आषाढातल्या पानांच्या समासात बारीक अक्षरात ओढ्याला पाणी आल्याची नोंद, म्हणून पलीकडच्या वाडीतलं कुणी आलं नाही. एकाला दंड, कारण त्यानं नेलेलं पुस्तक पेरणीच्या दिवशी बांधावर भिजलं. मृगाचा पहिला पाऊस कोणत्या तारखेला झाला ते सलग सहा वर्षं. कोण काय वाचत होतं ते तर होतंच. एका नाटकाच्या पुस्तकापुढे एका महिन्यात अकरा नावं होती. त्या वहीनं माझे तिन्ही धंदे एकाच दिवशी लावून दिले, मला ते उमगायला मात्र दहा वर्षं गेली.

पुढच्या मे महिन्यात मी सुट्टीवर असताना ती खोली 'स्वच्छ' झाली. सगळं रद्दीत, किलोवर. वही तेवढी माझ्या घरी होती म्हणून वाचली. (हो, संस्थेची वस्तू घरी नेली होती. ग्रंथपालानं करू नये तेच केलं. अजून परत केलेली नाही.)

विचारायचं असेल ते विचारा. कौतुक नको, प्रश्न हवेत.

अनगोळकर

लिहिलंय मस्त, खरं पैशाचं काय? माझी पोरगी बारावीला आहे. तिला हे वाचायला दिलं आणि उद्या 'पप्पा, मी पण रानात जाणार' म्हणाली तर काय सांगू? महिन्याला किती सुटतात ते बोला की ताई.

मार्कंडेयकाठ

अनगोळकर, रास्त आहे. 'खरं' सांगते, बेळगावातलं 'पण'वालं 'खरं' नव्हे, खरोखरीचं.

पोट भरतं ते फक्त ग्रंथपालाच्या पगारावर. निसर्गफेऱ्यांचं मानधन म्हणजे शाल, श्रीफळ आणि येण्याजाण्याचं पेट्रोल. आमच्या घरी चौदा शाली आहेत, तीन माहेरी दिल्या. लेखाचं मानधन आलं तर त्यातून सायंकाळची भजी होतात. त्यामुळे मुलीला सांगताना क्रम चुकवू नका: आधी पगाराची जागा, मग बाकीचं.

जागेचं असं आहे. कॉलेजात कायम व्हायचं तर एम.लिब. आणि वर नेट ही पात्रता परीक्षा, किंवा आपल्याकडची, कर्नाटकाची केसेट. तिकडं जायचं तर महाराष्ट्राची सेट. मी एम.लिब. नोकरी करत करत केलं, नेट तिसऱ्या खेपेला सुटली, कायम झाले तेव्हा वय ३८. शाळांतल्या जागा निघणं जवळजवळ बंद आहे. सरकारी सार्वजनिक ग्रंथालयात जायचं तर कन्नड लिहिता-वाचता आलंच पाहिजे, तिथं पळवाट नाही आणि शोधूही नये. इथली, कर्नाटकातली सार्वजनिक ग्रंथालयं १९६५ च्या कायद्यानं सरकारच चालवतं, घरपट्टीबरोबर आपण ग्रंथालयाचा उपकर भरतो त्यावर. पलीकडे महाराष्ट्रात, चंदगड-गडहिंग्लजला गेलात की गणित वेगळं. तिथं १९६७ चा कायदा. ग्रंथालय गावातल्या संस्थेचं, सरकार अ-ब-क-ड दर्जा बघून अनुदान देतं आणि त्या अनुदानातूनच ग्रंथपालाचा पगार निघतो. 'ड' दर्जाच्या वाचनालयात संसार होत नाही. आणि गंमत म्हणजे या दोन्ही कायद्यांच्या आधी, १९४५ मध्येच, कोल्हापूर संस्थानानं ग्रंथालयाचा कायदा केला होता. देशात पहिला. आपल्या दोन्ही राज्यांच्या मधल्या संस्थानानं!

अनगोळकर

३८ वय म्हणजे जरा जास्तच झालं की ओ.

मार्कंडेयकाठ

झालंच. त्याला गोड कसं करू?

सुगरण_दुसरेवर्ष

काकू, मी खानापूर तालुक्यातली, बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला. बॉटनी आहे. मला बी.लिब. करता येईल का, की कलाशाखाच लागते? आणि तुम्ही 'साहित्येतिहास' म्हणता ते म्हणजे नक्की काय करता? आमच्या घरी मराठीची पुस्तकं म्हणजे ज्ञानेश्वरी आणि माझी पाठ्यपुस्तकं.

मार्कंडेयकाठ

सुगरण, बी.लिब.ला कुठलीही पदवी चालते. उलट शास्त्र शाखेतल्या मुली मला जास्त आवडतात, त्यांना वर्गीकरण शिकवावं लागत नाही. एक वर्षाचा कोर्स. धारवाड, कोल्हापूर, बाहेरून करायचं तर मुक्त विद्यापीठ. पण कोर्सनं काम समजत नाही. काम समजतं ते 'पाहा' कार्डावर. सांगते.

जुन्या लायब्ररीत कार्डांचा ड्रॉवर असायचा. 'कुसुमाग्रज' काढलं की कार्डावर: पाहा शिरवाडकर, वि. वा. 'ग्रेस' काढलं की: पाहा गोडघाटे, माणिक. आमच्याकडे कन्नड पुस्तकंही भरपूर, म्हणून 'अंबिकातनयदत्त' काढलं की पाहा बेंद्रे, द. रा.; 'आनंदकंद' काढलं की पाहा बेटगेरी कृष्णशर्मा. (बेटगेरी आपल्याच गोकाक तालुक्यातलं.) एक माणूस, दोन नावं, वाचक कुठल्या नावानं येईल सांगता येत नाही, म्हणून दोन्ही दारांवर पाटी.

मी पोरांना घेऊन पहिल्यांदा माळावर गेले तेव्हा तारेवर निळ्या पंखांचा पक्षी होता. एक म्हणाला चास. दुसरा म्हणाला नीलपंख. कन्नड शाळेतला एक होता, तो म्हणाला नीलकंठ. तिघं भांडायला लागले. मी पिशवीतून कोरी कार्डं काढली आणि तिघांना वाटली: 'चास, पाहा नीलपंख.' 'नीलकंठ, पाहा नीलपंख.' आणि नीलपंखाच्या कार्डावर पूर्ण नोंद: शास्त्रीय नाव, गाव, तारीख, वेळ, कशावर बसला होता, काय करत होता. त्या दिवशी पोरांना पक्षी कळला आणि तालिका, म्हणजे लायब्ररीची सूचीही कळली. तो पक्षी कर्नाटकाचा राज्यपक्षी, महाराष्ट्राचा हरियाल. आमच्या माळावर दोन्ही आहेत, एकाच वडावर. त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

आज आमच्या शाळा-कॉलेजच्या मुलांची अशी दोन हजारांच्या वर कार्डं आहेत. मोबाइलवर ईबर्ड या पक्षीनोंदींच्या साइटला नोंद टाकतोच, फेब्रुवारीत पक्षीगणना असते तेव्हा तर चढाओढ लागते. सीझनवॉचसाठी आवारातल्या आंब्या-फणसाचा मोहर कधी आला, पालवी कधी, हेही आठवड्याला लिहितात. पण कार्ड हातानं लिहायचंच. हातानं लिहिताना मूल पुन्हा एकदा पक्ष्याकडे बघतं.

साहित्येतिहासाचं दुपारी लिहिते, काउंटरवर गर्दी आहे.

शंकेखोर

एक बारीक शंका. हरियालच्या बरोबर 'हरोळी' असंही नाव वाचलंय. मग 'हरोळी, पाहा हरियाल' का उलट?

मार्कंडेयकाठ

तुमच्या गावात जास्त लोक जे म्हणतात ते मुख्य. दुसऱ्यावर 'पाहा'. मुख्य नाव कुठलं यावर वाद घालण्यात आयुष्य गेलेले लोक मी दोन्ही धंद्यांत बघितलेत.

सीमावासी_५६

मग पुस्तकाच्या कार्डावर प्रकाशनस्थळ काय लिहिता? बेळगाव की बेळगावी? हे आधी सांगा, मग पक्षी.

मार्कंडेयकाठ

शीर्षकपानावर जे छापलंय ते, जसंच्या तसं. १९५० चं पुस्तक असेल तर बेळगाव, २०१४ नंतरचं असेल आणि त्यावर बेळगावी छापलं असेल तर बेळगावी. शोधणाऱ्यासाठी 'पाहा' दोन्हीकडे. ग्रंथपालाला मत असतं, कार्डाला नसतं. या विषयावर पुढचं इथं नको, त्यासाठी दहा धागे आधीच वाहताहेत.

गुब्बी

नमस्कार. माझी मराठी थोडी इकडची तिकडची, सांभाळून घ्या. मी गोकाककडच्या एका ग्रामपंचायतीच्या ग्रंथालयात बसतो. आता त्याला अरिवु केंद्र म्हणतात. अरिवु म्हणजे जाण, ज्ञान. मॅडमनी नीलकंठ लिहिलं ते वाचून बरं वाटलं. आमच्याकडे संध्याकाळी चौथी-पाचवीची मुलं येतात, घरी मराठी, शाळेत कन्नड. मी भिंतीवर तक्ता केला, एका बाजूला चिमणी, दुसऱ्या बाजूला गुब्बी. नविलु, मोर. कोगिले, कोकीळ. मुलं दोन्ही वाचतात, मग मला परीक्षा घेतात. वर मानधन मॅडम म्हणाल्या तसंच, बोलण्यासारखं नाही.

हिवाळ्यात धुपदाळच्या बंधाऱ्यावर घेऊन जातो. करकोचे येतात. एकदा एका मुलानं विचारलं, हे पक्षी कुठल्या भाषेत बोलतात? मी म्हटलं, आल्यावर विचार.

मार्कंडेयकाठ

गुब्बी, तक्त्याचा फोटो पाठवा ना. आणि तुमच्या मराठीला काय झालंय? माझ्या कन्नडपेक्षा शंभर पटीनं बरी आहे.

भाषेवरून आठवलं. लायब्ररीत पुस्तकांना विषयवार नंबर देतात त्या ड्युईच्या वर्गीकरणात मराठी साहित्य ८९१.४६ आणि कन्नड साहित्य ८९४.८१४. कारण एक आर्यकुलातली, दुसरी द्राविडी. कागदावर बरोबर आहे. पण कपाटात त्या दोघींच्या मध्ये रशियन, पोलिश, अरबी, कोण कोण येऊन बसतात. आमच्या लायब्ररीत मी मधली सगळी पुस्तकं (दहाच होती) दुसरीकडे हलवली आणि दोन्ही शेजारी लावल्या. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, हा काय प्रकार? म्हटलं, साहेब, अमेरिकेत बसून नंबर लावणाऱ्याला बेळगावच्या खडेबाजारात या दोघी शेजारी बसतात हे माहीत नव्हतं. आणि शं. बा. जोशींसारख्या माणसाचं काय करणार? मलप्रभेच्या काठच्या गुर्लहोसूरचे, कन्नडमधले मोठे संशोधक, आणि १९५२ मध्ये 'मऱ्हाटी संस्कृती' लिहिलं ते थेट मराठीत. अशा माणसांपुढे 'पाहा' कार्डंही कमी पडतात.

चंदगडी_वारा

कोवाडचा आहे मी. आमच्या गावचे रणजित देसाई, त्यामुळे साहित्याबद्दल आम्हांला जन्मतःच बोलायचा हक्क आहे :) एक सांगा, पक्षी वेगळे, साहित्येतिहास वेगळा. एकाच माणसानं दोन्ही केलं म्हणून दोन्ही एक होत नाहीत. मी क्रिकेट खेळतो आणि भजनही म्हणतो.

मार्कंडेयकाठ

बरोबर पकडलंत. एक होत नाहीत. पण एक दुसऱ्याच्या उपयोगी पडतं, ते कसं ते सांगते, मग तुम्ही ठरवा.

एक. ऐतिहासिक कादंबरी वाचताना शिवकालातल्या वाटेवर गुलमोहर फुललेला दिसला की माझा हात पेन्सिलीकडे जातो. गुलमोहर मूळ मादागास्करचा, आपल्याकडे आला १९व्या शतकात. घाणेरी अमेरिकेतली, निलगिरी ऑस्ट्रेलियातली. लेखकानं आपल्या खिडकीतलं झाड तीनशे वर्षं मागं नेलं. यातून कादंबरी वाईट ठरत नाही, पण ती कुठं बसून लिहिली हे थोडं कळतं.

दोन. जी. ए. कुलकर्णी आपल्या चिकोडीजवळच्या एकसंब्याचे. वर्गात विचारलं, 'पारवा' आणि 'हिरवे रावे' ही कथासंग्रहांची नावं, रावा म्हणजे काय? एकालाही सांगता आलं नाही. खिडकीबाहेर पेरूवर सात-आठ रावे बसून पेरू कुरतडत होते. पोपट म्हटल्यावर सगळ्यांना कळलं. तेव्हापासून जी.ए. शिकवायचा माझा तास आवारात असतो. पुढं त्यांनी कॉनराड रिश्टरच्या अमेरिकन कादंबऱ्या मराठीत आणल्या, 'रान' वगैरे. ओहायोचं जंगल मराठीत कुठल्या शब्दांनी उभं केलं हे एका मुलीनं झाडांची यादी काढून तपासलं. बॉटनीची होती ती, मराठीची नव्हे. सुगरण, ऐकतेस ना?

तीन, आणि हे माझ्या जिव्हाळ्याचं. काकासाहेब कालेलकरांच्या लहानपणाचा काही काळ आमच्या बेळगुंदीत गेला. नद्यांना ते लोकमाता म्हणत, पण मार्कंडेय नदीला नाही. ती त्यांची लहानपणची सखी. वैजनाथच्या डोंगरात उगम, राकसकोपला अडते (बेळगावकरांनो, नळाला हेही येतं), आमच्या शिवारातून जाते, मग गोडचिनमलकीला उडी घेते आणि घटप्रभेला मिळते. या नदीवरचा त्यांचा लेख घेऊन मी सातवी-आठवीच्या मुलांना नदीवर नेलं. मी एक ओळ वाचायची, त्यांनी आजूबाजूला बघायचं: हे आहे का अजून? जे नाही त्याच्यापुढे फुली. पोरं घरी जाऊन आजी-आजोबांना विचारू लागली, अमुक झाड कधी तोडलं, तमुक डोह कधी भरला. ती उत्तरं आमच्याकडे एका फायलीत आहेत, नावांशिवाय, फक्त गाव आणि साल. हे काय झालं? साहित्येतिहास, निसर्गशिक्षण की जुन्या नोंदींचं दप्तर? मला नाव सापडलेलं नाही.

शंकेखोर

पुन्हा मीच. कालेलकरांनी ते गुजरातीत लिहिलं ना मूळ? मराठी साहित्येतिहासात कसं घेता?

मार्कंडेयकाठ

शंका योग्य. जन्मानं मराठी, लिहिलं मुख्यतः गुजरातीत, गांधीजींनी 'सवाई गुजराती' म्हटलेला माणूस. त्यांना मराठीत ओढत नाही मी. पण मार्कंडेयच्या इतिहासात घ्यायला कुणाची हरकत आहे? नदीला ८९१.४६ नाही.

भीमगड_डायरी

या चर्चेत एक वटवाघूळ सोडतो. बारापेडे गुहा आपल्या खानापूर तालुक्यात, भीमगडच्या जंगलात (२०११ पासून अभयारण्य). तिथलं रॉटनचं मुक्तपुच्छ वटवाघूळ जगप्रसिद्ध. बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या) सस्तन प्राणी सर्वेक्षणात १९१२ च्या सुमारास नमुने मिळाले, १९१३ मध्ये लंडनच्या ऑल्डफील्ड थॉमस यांनी वर्णन केलं. नाव दिलं रॉटन या वनअधिकाऱ्याचं. कित्येक दशकं जगात फक्त इथंच माहीत होतं, मग मेघालय आणि कंबोडियात मिळालं. सगळं शक्य झालं ते नमुन्याला बांधलेल्या चिठ्ठीमुळे: गाव, तारीख, कुणी पकडलं. चिठ्ठी नसती तर ते नुसतं मेलेलं वटवाघूळ.

जाता जाता: कृपा करून कुणी गुहेत जाऊ नका. वनखात्याची परवानगी लागते, आणि नसती लागत तरी जाऊ नका. माणसांच्या वावरानं ती वस्ती उठते.

मार्कंडेयकाठ

'नुसतं मेलेलं वटवाघूळ.' बँकेतल्या मुलीचे मेलेले लेखक आठवले.

चिठ्ठीचं अगदी पटलं. मराठी ग्रंथांच्या दुनियेत अशी चिठ्ठी बांधणारा माणूस म्हणजे शं. ग. दाते. त्यांच्या ग्रंथसूचीत १८०० ते १९३७ आणि पुढच्या खंडात १९५० पर्यंतची मराठी पुस्तकं आहेत. पुस्तक हातात घेऊन, पानं मोजून. मला एखादा विसरलेला बेळगावी लेखक सापडला की पहिला दरवाजा दात्यांचा. दुसरा दरवाजा १८८४ चं बेळगाव जिल्ह्याचं गॅझेटियर, मुंबई इलाख्याचा २१ वा खंड. झाडं-जनावरंही त्यातच. माझ्यासाठी ते एकच पुस्तक तिन्ही कपाटांत बसतं. तिसरा दरवाजा वर्तमानपत्राच्या फायली. 'तरुण भारत' १९१९ चा, तेव्हा इथल्या साहित्याची शंभर वर्षं त्यात पडलेली आहेत. १९२९ चं शि. म. परांजपे अध्यक्ष असलेलं बेळगावचं संमेलन, १९४६ चं माडखोलकरांचं, जिथं संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. मोठ्या भाषणांपेक्षा मी कोपऱ्यातल्या बातम्या बघते: मंडप कुठं होता, पुस्तकांची दुकानं कुणाची, पाऊस आला का.

निपाणीकर_वखार

सगळं मान्य, पण ताई, एक टोचतंय. तुमचं निसर्गशिक्षण म्हणजे जंगल, धनेश, धबधबे. आमच्या निपाणीत जंगल नाही. तंबाखूची वखार आहे. आमच्याकडे 'रानात गेलाय' म्हणजे शेतात गेलाय. महादेव मोरेंनी आयुष्यभर पिठाची गिरणी चालवत तंबाखूतल्या बायकांवर, गॅरेजमधल्या पोरांवर लिहिलं. त्यांना तुमच्या निसर्गफेरीत कुठं बसवाल?

मार्कंडेयकाठ

हा प्रश्न मला आवडला नाही, म्हणजे तो बरोबर असणार.

दोन दिवस विचार करून लिहितेय. तुमचं खरं आहे. मी पश्चिमेकडची, पाऊस आणि कारवी बघत वाढले, त्यामुळे माझी पाऊलं जांबोटी-कणकुंबीकडेच वळतात. चिकोडी-निपाणीच्या काळ्या रानात मी पोरं घेऊन कधी गेलेच नाही. तंबाखूचं रोप कधी लावतात, शेंडा कधी खुडतात, वखारीत तपकिरी धूळ किती वेळ हवेत राहते, हे मला पुस्तकातूनच माहीत. मोरेंची पुस्तकं आमच्या लायब्ररीत 'कथा' कपाटात आहेत, आणि आजवर मी ती निसर्गाच्या कार्डांना जोडलेली नाहीत. 'तंबाखू' या विषयाखाली आमच्याकडे एकच नोंद आहे, शेतकी खात्याचं पत्रक.

येऊ का मी? वखार दाखवाल?

निपाणीकर_वखार

या की. हंगामात या. नाकाला रुमाल बांधून. चहा आमच्याकडे.

पुस्तकीकिडा

(नावाप्रमाणे प्रश्न.) जुन्या पुस्तकांची कसर कशी घालवता? माझ्या आजोबांची दोन कपाटं आहेत शहापुरात. डांबराच्या गोळ्यांनी डोकं दुखतं.

मार्कंडेयकाठ

गोळ्या बंद करा. कडुलिंबाचा सुकवलेला पाला आणि वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवा, दर दोन महिन्यांनी बदला. पावसाळ्यात कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं ओढा, बेळगावच्या भिंती जून ते सप्टेंबर घाम गाळतात. श्रावणात दोन ऊनवाले दिवस मिळाले की दारं उघडून हवा द्या, थेट ऊन नको. बाइंडिंग करून घ्याल तर बाइंडरला खळीत मोरचूद घालायला सांगा, जुने लोक घालायचेच. आणि टाकण्याआधी प्रत्येक पुस्तकाचं पहिलं पान उघडून बघा. शिक्का, अर्पण, दाखल नंबर, दिवाळीचा हिशेब, काहीही असेल तर फोटो काढा.

आणखी एक, हे सगळ्यांसाठी. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, कुद्रेमनी, बेळगुंदी, कारदगा. आपल्याकडे हिवाळ्यातल्या रविवारी गावोगावी साहित्य संमेलनं होतात. ग्रंथदिंडी, लेझीम, वर जेवण. अशी चाल मी तरी दुसरीकडे कुठं बघितली नाही. पण त्यांच्या पत्रिका, स्मरणिका, हस्तपत्रकं सलग कुठंच ठेवलेली नाहीत. घरात एखादी सापडली तर फेकू नका. माझ्याकडे एक पेटी भरलीय, पण मधली वर्षंच्या वर्षं गायब आहेत. पुढच्या साहित्येतिहासकाराला लागणार आहे ते हेच, माझे लेख नव्हेत.

अनगोळकर

पोरीला वाचून दाखवलं. म्हणाली, पप्पा, बाकी असू दे, ती पावसाची वही बघायला मिळेल का?

मार्कंडेयकाठ

मिळेल. घेऊन या तिला. हात धुऊन, पेन न आणता.

सुगरण_दुसरेवर्ष

काकू, मी तुमचं ऐकून काल पहिलं कार्ड लिहिलं. इथं टाकते, चूक असेल तर सांगा:

'नवरंग. गाव: नंदगडच्या पुढे, आमच्या काजूच्या बागेत. पाऊस थांबल्यावर. जमिनीवरून पाला उलटत होता, मग फांदीवर जाऊन दोन सुरांची शीळ. आजी म्हणाली हा ओरडला की पेरणीची घाई करायची. आईनं नाव सांगितलं नाही, ती म्हणाली पाखरू आहे. बॉटनीची नोंद: खाली कुड्याची फुलं पडली होती.'

मार्कंडेयकाठ

सुरेख. आजीचं वाक्य वेगळ्या कार्डावर घे, त्याला आजीचं गाव लाव, सासरचं नव्हे, माहेरचं विचार. कुड्याचं ठेव. तारीख आणि वेळ राहिली.

सुगरण_दुसरेवर्ष

अय्यो. वेळ संध्याकाळची साडेपाच. तारीख बघून लिहिते. आजीचं माहेर कणकुंबीकडचं, पण ती म्हणतेय की हे तिनं सासूकडून ऐकलं. मग कुठलं गाव लावू?

मार्कंडेयकाठ

दोन्ही. 'पाहा' लाव.